लॅपटॉप थांबू दे, आधी चार माणसं गाठ

"अक्का, नमस्कार. मी सोलापूरजवळ कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात राहते. बारावी सायन्स झाली, शहरातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला नंबर लागला. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होणार. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नाही. मामाचा मुलगा म्हणतो लॅपटॉपशिवाय कॉलेज होत नाही. अम्मा त्यासाठी भिशी आधीच उचलायला निघाली आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, दहावीपर्यंत शाळा मराठीतून झाली, अकरावी-बारावी कसंतरी निभावलं. आता सगळं इंग्रजीतून. वर्गात हसतील का? मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात गेली, मी एकटीच आहे. घरी आल्यावर अम्माला विडीची पानं कापून द्यावी लागतात, मग अभ्यास कधी करू? काय काय तयारी करू ते सांगा. – एक विद्यार्थिनी, कुंभारी."

पोरी,

तुझ्या पत्रातल्या लॅपटॉपचं आधी बघू, कारण त्यात पैसे अडकलेत. अम्माला आजच सांग, भिशी उचलू नकोस. बोलीची भिशी असेल तर लवकर उचलणारीला तोटा सोसून उचलावी लागते, आणि पुढचे हप्ते चुकत नाहीत ते वेगळंच. एवढं करून आणलेला लॅपटॉप पहिल्या वर्षी तू रोज उघडशील असं काही बी.एस्सी.च्या वेळापत्रकात नसतं. फळ्यावरचं वहीत उतरवायचं, प्रयोगशाळेत हातानं रीडिंग घ्यायची, जर्नल हातानंच लिहायचं, परीक्षा पेननं द्यायची. सर-मॅडमनी पाठवलेल्या पीडीएफ मोबाईलवर दिसतात. कॉम्प्युटर हा विषय घेतला असशील तरी त्याचं प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्येच होतं. पुढे प्रोजेक्ट आला आणि खरंच अडलं तर तेव्हा बघ. तोवर कुठला घ्यायचा, सेकंडहँड चालेल का, हे सांगणारे चार जण तुझ्या ओळखीचे झालेले असतील. मामाचा मुलगा इंजिनीअरिंगला असेल तर त्याच्यापुरतं त्याचं बरोबर आहे, पण त्याचा नियम तुला लागू नाही.

पैसे लागतात ते दुसरीकडे. एप्रन, कॅल्क्युलेटर, जर्नल, ग्राफ पेपर, परीक्षेचा फॉर्म, रोजचा प्रवास, आणि झेरॉक्स. हो, झेरॉक्स. जुलैत तो खर्च कसा वाढतो ते बघशीलच. यातलंही वर्ग सुरू व्हायच्या आधी काही आणू नकोस. दर वर्षी मुली नवी पेठेतून जाडजूड जर्नलं आणि पुस्तकांचे संच घेऊन येतात, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला मॅडम सांगतात की आपल्या विभागाचं जर्नल वेगळं आहे. एक दोनशे पानी वही, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा डबा, एवढ्यावर पहिला आठवडा आरामात जातो.

आता खरी तयारी कशाची, ते सांगते. मी नोकरी केली ती कॉलेजच्या ग्रंथालयात. काउंटरच्या अलीकडून पहिल्या वर्षाची पोरं बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जी पोरं मागे पडली, त्यातली ढ फारच थोडी होती. बाकीची होती ती कुणालाच माहीत नसलेली पोरं. शाळेत तू दोन दिवस आली नाहीस तर बाई शेजारच्या मुलीला घरी पाठवायच्या. कॉलेजात एका वर्गात शंभरावर मुलं असतात. तू आलीस काय, नाही आलीस काय, समजलं काय, नाही समजलं काय, कुणी विचारायला येत नाही. कॉलेज वाईट असतं असं नाही. तिथली रीतच अशी आहे की गरज असेल त्यानं उठून जायचं. शाळेतून आलेल्या मुलीला हेच उठून जाणं जड जातं, आणि घरातली पहिलीच असली की जास्तच. म्हणून पहिल्या महिन्यात तुला एकच काम सांगते: कॉलेजातल्या चार माणसांना तुझं नाव आणि चेहरा माहीत झाला पाहिजे.

पहिला माणूस ऑफिसातला. प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षाचं टेबल सांभाळणारा एक क्लार्क असतो. प्रवेशाच्या दिवसांत तो कावलेला असतो, त्याच्या खिडकीसमोर रांग दारापर्यंत जाते, तेव्हा त्याच्याशी बोलायला जाऊ नकोस. वर्ग सुरू झाल्यावर गर्दी ओसरते. तेव्हा एका सकाळी जा आणि एवढंच विचार: "सर, रजिस्टरला माझं नाव कसं लिहिलंय ते एकदा दाखवता का?"

हे मी उगाच सांगत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात एकाच घरात आडनावाची तीन स्पेलिंगं सापडतात. दहावीच्या सर्टिफिकेटवर डबल एल, आधारवर एकच एल, बँकेच्या पासबुकात मधेच एक एच घुसलेला. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. शाळेत हे सगळं खपून जातं. इथं खपत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तुझे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्यासाठी अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक लागतो, तो आधारवरून निघतो, आणि नाव जुळलं नाही की तिथंच अडतं. पुढे परीक्षेचा फॉर्म, मार्कलिस्ट, शेवटी पदवी, सगळीकडे तेच नाव चालत जातं. तिसऱ्या वर्षाला दुरुस्तीसाठी पळण्यापेक्षा आत्ताच दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि पासबुक हे तीन कागद जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत शेजारी शेजारी ठेव आणि अक्षर न् अक्षर लावून बघ. फरक निघाला तर दहावीचं सर्टिफिकेट खरं मानून आधार दुरुस्त करून घे, कारण पुढचं सगळं कॉलेज त्या सर्टिफिकेटवर चालतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबरही चालू आहे ना ते बघ. रिचार्ज संपून बंद पडलेल्या नंबरावर ओटीपी येत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला हे कळलं की रडण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

बँकेचं अजून एक. शाळेत असताना तुझं खातं उघडलेलं असेल तर ते अल्पवयीन म्हणून, अम्माच्या किंवा नान्नाच्या, म्हणजे वडिलांच्या, सहीनं चालणारं असेल. अठरा पूर्ण झाले की बँक ते तसंच चालू ठेवत नाही. नवीन फोटो, सही, केवायसी देऊन तुझ्या एकटीच्या नावाचं करून घ्यावं लागतं. ते झाल्यावर 'आधार सीडिंग झालंय का' हे काउंटरवर स्पष्ट विचार. आधार खात्याला नुसतं 'दिलेलं' असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येतील असं जोडलेलं असणं वेगळं. मुली पहिल्यावर समाधान मानून परत येतात.

पैशांचा विषय निघालाच आहे तर इथंच संपवते. राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि फीमाफी महाडीबीटीच्या पोर्टलवर असते. त्याला तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, तुझ्या प्रवर्गाचा जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, बारावीची मार्कलिस्ट आणि प्रवेशाची पावती लागते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत आणि महा-ई-सेवा केंद्रात जून-जुलैत झुंबड उडते, म्हणून तो सगळ्यात आधी मिळव. 'मुलींना आता सगळं शिक्षण फुकट' असं तुला दहा जण सांगतील. 2024 सालचा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना. तुझ्या बी.एस्सी.ला काय लागू होतं ते त्या क्लार्ककडूनच समजून घे, रिक्षातल्या गप्पांवर जाऊ नकोस.

आणि एक गोष्ट तुमच्या घरकुलातल्याच किती बायकांना माहीत असते कोण जाणे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर नसतो, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा असतो. त्यासाठी अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ते डब्यात, ट्रंकेत, देवाच्या फोटोमागे कुठं असेल तिथून शोधून काढ. दोन्हीकडून पैसे घेता येतातच असं नाही, म्हणून अर्ज करताना अटी पूर्ण वाच आणि ज्यात जास्त फायदा ते ठेव. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रिंट आणि प्रत्येक पावती एकाच प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवायची. तिला घरात कुणी हात लावायचा नाही.

दुसरं माणूस ग्रंथालयातलं, म्हणजे माझ्या जातकुळीतलं. पुस्तकं विकत घ्यायच्या आधी तिथं जा. बऱ्याच कॉलेजांत बुक बँक असते. थोड्या अनामतीवर सेमिस्टरभर पुस्तकांचा संच घरी नेता येतो. पण संच मोजके असतात आणि जी पहिली येते ती घेऊन जाते. आम्ही काही वर्गावर येऊन ओरडत नाही की संच आलेत म्हणून. काउंटरवर जाऊन "बुक बँक कधी सुरू होणार?" असं दोनदा विचारणारी मुलगी लक्षात राहते, आणि संच आले की तिलाच हाक मारली जाते. ह्याला वशिला म्हणत असतील तर म्हणोत.

तिथंच जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाईली असतात. मात्र एक बघ. संलग्न कॉलेजांत नवीन धोरणाचा अभ्यासक्रम 2024-25 पासून आला, त्यामुळे त्याच्या आधीच्या प्रश्नपत्रिका तुझ्या अभ्यासक्रमाशी जुळतीलच असं नाही. आधी विद्यापीठाच्या वेबसाइटवरून तुझ्या विषयांचा अभ्यासक्रम उतरवून घे, एकदा प्रिंट काढ आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटव. विद्यापीठ म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, पुणे रस्त्यावर केगावला. तुझं रोजचं शिक्षण कॉलेजात, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी त्यांची. 2004 साली ते झालं. त्याच्या आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि मार्कलिस्टमधल्या एका अक्षरासाठी पोरं रात्रीच्या एसटीनं कोल्हापूर गाठायची. तुला अक्कलकोट रोडवरून निघून केगावला जाऊन दुपारी घरी येता येतं. एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ असल्याचा हा फायदा कोणी बोलून दाखवत नाही.

अभ्यासक्रम हातात आला की त्यातले शब्द बघून दचकू नकोस. मेजर म्हणजे तुझा मुख्य विषय. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे तुझ्या शाखेबाहेरचा एखादा विषय, म्हणजे तू सायन्सची, तर कला किंवा वाणिज्यकडचा. इथं बहुतेक जणी मैत्रिणीनं जे घेतलं ते घेतात. तू तसं करू नकोस, तुझी मैत्रीण तर दुसऱ्याच कॉलेजात आहे. पैशांचे व्यवहार, बँक असलं काही कॉमर्सकडे असेल तर ते घे, घरी उद्याच उपयोगी पडेल. क्रेडिटचं गणित सोपं आहे: थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे तीस तास. याच हिशेबानं बघितलं तर एका सेमिस्टरला शिकवण्याचे आठवडे साधारण पंधराच. 'अजून प्रवेश चालू आहेत, पहिले पंधरा दिवस कोणी शिकवत नाही' असं म्हणून घरी बसणारीचे दोन आठवडे त्या पंधरांतून जातात, आणि हजेरीची पंचाहत्तर टक्क्यांची अट डोक्यावर असतेच. तेव्हा पहिल्या दिवसापासून जा. वर्ग भरला नाही तर तेवढ्यात डिव्हिजन कुठली, प्रॅक्टिकलची बॅच कुठली, कुठली खोली कुठे, नोटीस बोर्ड कुठे, हे बघून घे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या लेक्चर नाही' असं आलं तर ते कुणी टाकलंय ते बघ. पोरांनी टाकलं असेल तर लेक्चर असतं.

तिसरं माणूस म्हणजे शिकवणाऱ्यांपैकी एक. सगळ्यांच्या मागे लागायची गरज नाही. ज्या मॅडमचं शिकवणं तुला समजतं, त्यांनाच पहिल्या दहा-बारा दिवसांत तास संपल्यावर एक खरी शंका विचार. खोटी नको, त्यांना लगेच कळतं. नाव सांग, कुठून येतेस ते सांग, मराठी माध्यमातून आलेय हे सांग. ही माहिती त्यांच्या कानावर असली की पुढे तू दोन दिवस दिसली नाहीस तर निदान एक माणूस विचारेल.

इथं तुझा इंग्रजीचा प्रश्न येतो. हसतील का? एखादी हसेलही. पण तुझ्या बाकाच्या आजूबाजूला कोण बसणार आहे ते बघ. अक्कलकोटकडून आलेली कन्नड बोलणारी, शहरातली उर्दू बोलणारी, बार्शी-माढ्याकडची मराठी, आणि तुझ्यासारख्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या. सोलापूरच्या वर्गात घरून इंग्रजी घेऊन आलेली मुलं किती असणार? जी फाडफाड बोलतात, त्यातल्या कित्येकांचं पहिल्या परीक्षेला काय होतं ते मी काउंटरवर येणाऱ्या चेहऱ्यांवरून बघितलंय. सरसुद्धा इंग्रजी वाक्य बोलून पुढचं वाक्य मराठीतच बोलतात. "सर, हे एकदा मराठीत सांगता का?" असं वर्गात एकीनं विचारलं की दहा जणी मनातल्या मनात तिचे आभार मानतात.

शिवाय अकरावी-बारावीचं सायन्स तू इंग्रजीतूनच करून आलीस. 'निभावलं' म्हणतेस, पण पाया दहावीच्या मराठीत आहे आणि वरचे दोन मजले इंग्रजीत, मधला जिना तेवढा राहिलाय. तो या आठवड्यात बांधता येतो. बालभारतीच्या वेबसाइटवर दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत मोफत आहेत. दोन्हीचा भाग एक उतरवून घे. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर दोन पुस्तकं जमत नाहीत, म्हणून एक तुझ्या मोबाईलवर, दुसरं घरात कुणाच्या तरी मोबाईलवर. दहावीचं छापील पुस्तक अजून असेल तर उत्तमच. पहिला धडा गुरुत्वाकर्षण. मराठीत एक परिच्छेद वाच, तू तो शाळेत पाठ केलेला आहेसच. मग इंग्रजीत तोच परिच्छेद वाच. आकृती तीच, सूत्र तेच, उदाहरणातले आकडे तेच. त्वरणाच्या जागी ॲक्सिलरेशन दिसेल, वस्तुमानाच्या जागी मास. डिक्शनरी काढायची नाही, कारण अर्थ शेजारच्या पानावर आहे. वहीचं पान मधून दुमडायचं, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं वाचणं सोडू नकोस, वर्गात अडतं ते डोळ्यांना नाही, कानांना. मग मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण घे, मग रासायनिक अभिक्रिया. कॉलेज उघडेपर्यंत एवढे तीन धडे झाले तरी पुष्कळ. दहावीचं पुस्तक परत काढायला लाज कसली? बी.एस्सी.च्या पहिल्या तासाला जे गृहीत धरतात ते बहुतेक त्यातच असतं.

चौथं माणूस म्हणजे बाकावरची शेजारीण. तिच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. दोन दिवस एकाच जागेवर बस, तिसऱ्या दिवशी डबा उघड. एकच मैत्रीण शोधत बसू नकोस, दोन-तीन जणींशी बोल. एक आजारी पडली तर वही दुसरीकडून मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालायचं असेल तर जरूर घाल. वर्षाला एकशे वीस तासांचं काम असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. घरून रात्रीची परवानगी मिळणार नाही असं वाटत असेल तर ते शिबिराच्या आदल्या दिवशी काढू नकोस, आत्तापासून अम्माच्या कानावर घालत राहा.

सिनियर मुलांकडून कसला त्रास झाला तर गंमत म्हणून सोडून द्यायचं नाही. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, प्रत्येक कॉलेजात समिती असते, आणि 1800-180-5522 ही देशभराची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव. लागणार नाही, पण असू दे.

राहिलं घरचं. पानं कापायचा प्रश्न तू पत्रात शेवटी लिहिलास. माझ्या मते तोच तुझा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. अम्माची मजुरी विड्यांच्या आकड्यावर आहे. तू पानं कापून दिली नाहीस तर ती रात्री जागून कापेल, नाहीतर तेवढ्या विड्या कमी वळेल. म्हणून 'मला आता अभ्यास आहे, मी करणार नाही' असं म्हणू नकोस; तुझ्याच्यानं म्हणवणारही नाही. पण 'जमेल तेव्हा करते' असंही म्हणू नकोस, कारण मग कामाला शेवट राहत नाही. वेळापत्रक हातात आलं की ते तेलुगूत तिला समजावून सांग. आठवड्यात प्रॅक्टिकलचे दिवस बहुधा दोन-तीन असतील, त्या दिवशी तू घरी यायला संध्याकाळ होणार. त्या दिवशी पानांना हात लावायचा नाही, हे आधीच ठरव. बाकीच्या दिवशी एक तास, आल्यावर लगेच, चहा पिऊन. तो तास संपला की कात्री खाली. धाकटी भावंडं असतील तर विड्यांचे कट्टे बांधायचं काम त्यांच्याकडे जाऊ दे. अम्मा पहिल्या आठवड्यात कुरकुरेल, नंतर तीच घड्याळ बघायला लागेल. तिला घड्याळ बघायची सवय तुझ्यापेक्षा जास्त आहे, कारखान्यात माल द्यायची वेळ तिची कधी चुकत नाही.

घरी अभ्यास होईल अशा भ्रमात राहू नकोस. तुमच्या दोन खोल्यांत टीव्ही, पाण्याची कळशी, शेजारणी आणि तंबाखूचा वास यातून डोकं कशात लागणार? तास संपल्यावर एक-दीड तास कॉलेजच्या वाचन कक्षातच बसून त्या दिवसाचं त्या दिवशी उतरवून काढ आणि मगच घरी निघ. सुट्टीच्या दिवशी शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी काय सोय आहे ते एकदा जाऊन विचार. पाणी येण्याचा दिवस आणि प्रॅक्टिकलचा दिवस एकच आला तर पाणी कुणी भरायचं, तेही आधी ठरवून ठेव. हसू नकोस, या कारणानं बुडालेली प्रॅक्टिकलं मला माहीत आहेत.

आणि एकदा अम्माला कॉलेज दाखवून आण. माल देऊन परत येताना अर्धा तास वाकडी वाट केली तरी चालेल. कुठलं गेट, कुठला वर्ग, मुलींची खोली कुठे, उशीर झाला तर कुणाला विचारायचं, हे तिनं डोळ्यांनी बघितलं की संध्याकाळी सहा वाजता तिचा जीव टांगणीला लागणार नाही. तिनं त्या क्लार्कला आणि मॅडमना नुसता नमस्कार केला तरी पुरे. चार माणसांचं मी मघाशी म्हटलं, त्यांना अम्माही माहीत झाली तर तुझं अर्धं काम होतं.

प्रवासाचंही ठरवून टाक. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट होता, तो आता संपला. कॉलेजला विद्यार्थी पास असतो, त्यात भाड्याच्या एक तृतीयांश पैसे भरायचे. महिलांना जे अर्धं तिकीट आहे त्यापेक्षाही हे स्वस्त पडतं, त्यामुळे रोज अर्धं तिकीट काढत बसू नकोस. पासासाठी कॉलेजचं बोनाफाईड लागतं, तेव्हा क्लार्ककडे नाव बघायला जाशील त्याच दिवशी त्याचाही अर्ज दे. पास हातात येईपर्यंत रिक्षा आहेच. मात्र एसटी तुझ्या वेळेला थांबते का, भरून येते का, हे कॉलेज उघडायच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी स्टॉपवर उभं राहून बघून घे. रविवारी बघून उपयोग नाही, रविवारी सगळ्याच गाड्या रिकाम्या असतात.

– अक्का